नमुना मापासकट छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

चिपळूणच्या बाजारपेठेत आमचं कटलरी-स्टेशनरीचं दुकान आहे. आप्पांनी ते १९७४ साली सुरू केलं. दहावीची परीक्षा संपल्यावर सुट्टीपुरता म्हणून मी गल्ल्यावर बसलो, तो अजून बसतोच आहे. सणाच्या आधी तुमच्या पुरवणीत घरसजावटीची पानं येतात, त्यांच्याबद्दल मला लिहायचं आहे. मनात बरेच दिवस होतं, पण लिहायला बसलो ते एका कात्रणामुळे.

गेल्या दिवाळीच्या आठ दिवस आधी एक बाई सहावीतल्या मुलीला घेऊन दुकानात आल्या. मुलीच्या हातात तुमच्या पुरवणीतलं 'घरच्या घरी आकाशकंदील' असं कात्रण होतं. त्यातली यादी ती वाचत गेली आणि मी सामान काढत गेलो. एमडीएफची (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीची) गोल चकती, ग्लू गन, गनमध्ये घालायच्या गोंदाच्या काड्या, मोत्यांच्या माळा, गोल आरसे, सोनेरी लेस. बेरीज ७४० रुपये झाली. बाईंनी वर टांगलेल्या तयार कंदिलाची किंमत विचारली. तो २८० चा होता. त्यांनी तो घेतला. मुलीने कात्रणाची घडी घातली, काउंटरवर ठेवली आणि मागे न बघता पायऱ्या उतरली.

रात्री दुकान आवरताना ते कात्रण मी दोनदा वाचलं. त्यात एकही माप नव्हतं. चकती किती इंचांची, पट्टी किती रुंद, बल्ब आत कुठून घालायचा, यातलं काहीच नाही. शेवटचं वाक्य होतं, 'आता आपल्या आवडीप्रमाणे सजवा'. फोटो मात्र सुंदर होता. साहेब, फोटो बघून हात चालत नाहीत. हाताला माप लागतं. ती मुलगी करायला तयार होती, तिची आई पैसे घेऊन दुकानात आली होती आणि दुकानदार सामान काढून उभा होता. तरी कंदील झाला नाही, कारण कृती छापलीच नव्हती.

हे मी का मनाला लावून घेतो ते समजायला २०२१ साल सांगावं लागेल.

त्या वर्षी २२ जुलैला वाशिष्ठी नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं. आमच्या दुकानात ते माळ्याला लागलं. कागद भिजला की फुगतो हे कोणालाही माहीत असतं, पण दस्त्यांवर दस्ते रचलेल्या कपाटात तो फुगला की फळ्या फोडून बाहेर येतो, हे मी तेव्हा पाहिलं. कार्डशीट, क्रेप, जिलेटिन, पतंगी कागद, सगळ्याचा मिळून एक ओला गोळा झाला होता. तो फावड्याने खरवडून काढायला आम्हाला चार दिवस लागले. भिंतीवर उतरलेला लाल-निळा रंग दोन वेळा चुना दिल्यावरही दिसत होता.

माळ्यावर थर्माकोल होतं. २०१८ साली राज्यात प्लास्टिकबरोबर थर्माकोलवरही बंदी आली तेव्हा राहिलेला माल मी वर टाकून दिला होता, पुढे बघू म्हणून. त्याआधी गणपतीच्या दिवसांत आमच्या दुकानाचा निम्मा गल्ला थर्माकोलच्या मखरांवर भरायचा. गरम तारेने कापलेले खांब, कमानी, मोर, हत्ती. पूर ओसरल्यावर माळ्यावर एकही शीट शिल्लक नव्हतं. शटर खालून वाकलं होतं, त्या फटीतून सगळं तरंगत गेलं. गणपतीच्या आधी मी विसर्जनाच्या घाटावर गेलो, तर झाडांच्या बुंध्यांशी, झुडपांच्या मुळांत, चिखलाच्या थरात पांढरे दाणे अडकलेले. सगळे माझ्या दुकानातले होते असं नाही, पण माझ्या दुकानातलेही होते. दोन बोटांनी एकेक दाणा उचलायला लागलो आणि पंधरा मिनिटांत सोडून दिलं. तो दाणा उचलता येत नाही, फुटून त्याचे आणखी दहा होतात.

त्या वर्षी गणेश चतुर्थी १० सप्टेंबरला होती. म्हणजे पुरानंतर पन्नास दिवसांनी. घराच्या भिंती अजून ओल्या, लाकडी चौरंग सुजलेला, बाजारात मखर नाही, असतं तरी घ्यायला पैसे नाहीत. दीड दिवसाचा गणपती नुसत्या पाटावर बसवू असं मी म्हणालो. आई तेव्हा ऐंशीची होती. ती म्हणाली, "पाटावर बसव, पण मागे काहीतरी उभं कर. तो आपल्याकडे पाहुणा येतोय, आपण त्याच्याकडे नाही."

घरात मदतीची खोकी पडली होती. बिस्किटांची, पाण्याच्या बाटल्यांची, ठिकठिकाणच्या माणसांनी पाठवलेली. त्यातली सहा खोकी आम्ही उलगडली. पुठ्ठ्याची एक गोष्ट मला आईने त्या दिवशी शिकवली, आणि इतकी वर्षं पुठ्ठा विकूनही ती मला ठाऊक नव्हती. खोक्याच्या पुठ्ठ्याच्या आत नळ्या असतात. पट्टी कापताना त्या नळ्या पट्टीला आडव्या आल्या तर पट्टी कमानीसारखी गोल वळते. उभ्या आल्या तर मधेच मोडते. एवढं कळलं की कमान दहा मिनिटांत होते.

खांब तुमच्याच वर्तमानपत्राचे केले. पानाच्या कोपऱ्यावर विणकामाची सुई तिरकी ठेवून पान घट्ट गुंडाळत न्यायचं, शेवटचं टोक खळीने चिकटवायचं आणि सुई ओढून घ्यायची. अशा सुरळ्या वाळल्या की हाताने सहज वाकत नाहीत. पाच सुरळ्यांची मोळी बांधली, वरून कागदाच्या पट्ट्या खळीत बुडवून गुंडाळल्या, की झाला एक खांब. एका सुरळीची लांबी पुरत नाही, तेव्हा एकीचं टोक चेपून दुसरीत घालायचं. अडीच फुटांचे चार खांब उभे केले आणि गेरू दिला. खळ मैद्याची. एका पेल्याला तीन चमचे मैदा, गार पाण्यात आधी गुठळ्या मोडून घ्यायच्या, मग मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळायचं.

आणि मग आईचं कातरकाम. दापोलीहून सासुरवाडीच्या माणसांनी पांढऱ्या कागदाचे दोन डझन ताव पाठवले होते. आई तावाची आठपदरी घडी घालायची आणि काही न आखता कातर चालवायची. कोयरी, करंजी, पिंपळपान, मधे चांदणी. घडी उलगडली की तावाएवढी जाळी. कमानीच्या मागे तिने आपलं जुनं पिवळं नऊवारी लावलं आणि त्यावर ती जाळी. बाजूला तेरडा आणि कळलावी. समईच्या उजेडात मागचं पिवळं जाळीतून असं दिसायचं की आरतीला आलेले शेजारी आरती झाल्यावरही उठले नाहीत. त्यांच्या घरातली भांडीकुंडीही चिखलात गेली होती. कोणी काही बोलत नव्हतं, नुसते बघत बसले होते. ते मखर आम्ही पुढे तीन वर्षं वापरलं. खांब सोडवून, जाळ्या गादीखाली सपाट ठेवून.

आमच्या खाली, सिंधुदुर्गात आणि गोव्यात गणपतीच्या वर माटोळी बांधतात, तुम्हाला माहीत असेल. लाकडी चौकटीला नारळ, सुपारीचे घोस, कवंडळं, रानातली फळं टांगलेली. त्यात दुकानदाराला काही मिळत नाही, सगळं परसातलं आणि रानातलं. ती बांधायला मुलं मोठ्यांबरोबर रान फिरतात आणि कोणतं फळ कुठल्या झाडाचं हे त्यांना आपोआप कळतं. ही विद्या कुणी छापली नाही तरी टिकली, कारण घरात दरवर्षी बघायला मिळाली. आमच्यासारख्या बाजारपेठेच्या गावात ती साखळी मधेच तुटली. ती तोडण्यात माझ्या दुकानाचाही हात आहे. लोकांनी मागितलं आणि मी तयार माल आणून ठेवला.

त्याच वर्षी दिवाळी ४ नोव्हेंबरला होती. आळीतली मुलं शाळा नाही, खेळायला जागा नाही म्हणून दुकानाच्या पायरीवर बसून असायची. मी एक पतंगी कागदांचा गठ्ठा आणला, एका बुरूडकाम करणाऱ्या काकांकडून चिव्याच्या, म्हणजे बारीक बांबूच्या, कामट्या चिरून घेतल्या आणि मुलांना चांदणीचा कंदील शिकवला. चौदा कंदील झाले. मुलं करतात ती कृती कशी लिहावी हे मला तेव्हा कळलं, म्हणून ती इथे लिहितो.

एका कंदिलाला २४ इंचांच्या १० कामट्या, दोन सूत रुंद (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). रात्रभर पाण्यात ठेवायच्या, नाहीतर वाकवताना तडकतात. प्रत्येक कामटीवर दोन्ही टोकांकडून ९ इंच आणि वर सूतभर अशी पेन्सिलीने खूण करायची. मधे पावणेसहा इंच राहतात. हे माप आप्पांच्या वहीत होतं, पण ते इतकंच का याचा मी कधी विचार केला नव्हता. आठवीतल्या एका मुलीने मला ते कागदावर मांडून दाखवलं. पाच कोनांची चांदणी काढली की रेघा एकमेकींना याच प्रमाणात छेदतात, कामटी केवढीही घ्या. एका मुलाने एकाच टोकाकडून मोजलं आणि त्याची चांदणी एका बाजूला झुकली. त्याने ती सोडवून पुन्हा बांधली. मी हात लावला नाही.

पाच कामट्यांची एक चांदणी, खुणा खुणांवर आणून गोधडीच्या दोऱ्याने बांधायची. अशा दोन झाल्या की एकीवर एक ठेवून पाचही टोकं एकत्र बांधायची. मग मधे, जिथे कामट्या एकमेकींना छेदतात, त्या पाच ठिकाणी ४ इंचांच्या पाच काड्या दोन चांदण्यांच्या मधे आडव्या सारायच्या. त्या क्षणी सपाट चांदणी फुगून उभी राहते. चौदापैकी प्रत्येक मूल त्या क्षणी ओरडलं.

कागदाचे तुकडे २२ लागतात. पुढच्या चांदणीचे पाच कोन आणि मधला पंचकोन, मागचेही तेवढेच, आणि बाजूचे दहा अरुंद त्रिकोण. म्हणजे आकार तीनच. त्यांचे पुठ्ठ्याचे साचे करून ठेवले की सहा वर्षांचं मूलही कापतं. कडेला अर्धा इंच जास्त ठेवायचा, तो कामटीवर दुमडून चिकटवायला. मागचा पंचकोन एकाच कडेला चिकटवायचा, खिडकीच्या झडपेसारखा, तिथून बल्ब आत जातो. बल्ब ५ वॉटचा एलईडी. जुना पिवळा बल्ब कागदाला टेकला तर कागद करपतो. सगळं वाळलं की तोंडाने बारीक फवारा मारायचा, अगदी हलका, आणि सावलीत ठेवायचं. सुरकुतलेला कागद वाळताना ताणला जातो आणि ढोलकीसारखा वाजतो. जास्त पाणी मारलं तर रंग उतरतो. आमचे दोन कंदील असे गेले, त्यांचे कागद बदलावे लागले.

झिरमिळ्यांचं सांगत नाही. त्या मुलांना कोणी शिकवाव्या लागत नाहीत.

तेव्हा एका कंदिलाचा खर्च बल्ब-होल्डर सोडून ५० रुपयांच्या आत बसला होता. पण स्वस्त पडतं म्हणून मी हे सांगत नाही. पुराच्या वर्षी आमच्या आळीत विजेच्या माळा नव्हत्या, फराळही बहुतेकांनी नावापुरता केला होता. वसुबारसेच्या संध्याकाळी चौदा दारांत चौदा चांदण्या लागल्या आणि मुलं एका दारातून दुसऱ्या दारात आपापला कंदील दाखवत धावत होती. "हा मी केला" हे वाक्य त्या संध्याकाळी किती वेळा ऐकलं याची गणती नाही. तयार कंदील मी हजारांनी विकले असतील. विकत नेलेल्या कंदिलाबद्दल हे वाक्य मी कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

आता वाढदिवसांचं. माझ्या दुकानात बारा महिने खपणारी वस्तू म्हणजे वाढदिवसाचा तयार संच. साठ-सत्तर फुगे, चकाकत्या फॉइलचा पडदा, हॅपी बर्थडेची अक्षरं, कमान बांधायची प्लास्टिकची पट्टी. त्यात मला मिळतात तेवढे पैसे दहा ताव पतंगी कागद विकून मिळत नाहीत, हे उघड सांगतो. फुग्यांना लावायच्या प्लास्टिकच्या काड्या आणि सजावटीचं थर्माकोल १ जुलै २०२२ पासून देशभर बंद झालं, ते मी ठेवत नाही. फॉइलचा पडदा मात्र खपतो. रात्री दहाला केक कापून होतो आणि सकाळी सातला तो पडदा आमच्या गल्लीच्या गटाराच्या जाळीवर असतो. पूर पाहिलेल्या माणसाला गटाराच्या जाळीवर काही अडकलेलं बघवत नाही. मी खाली उतरून काढतो. दुकान उघडायच्या आधीचं माझं ते कामच झालं आहे.

माझ्या नातीच्या पाचव्या वाढदिवसाला आम्ही संच आणला नाही. सुनेला आधी बरं वाटलं नाही. सोसायटीतली मुलं येणार, त्यांच्याकडे सगळीकडे कमानी असतात. मग तिनेच आपल्या दोन जुन्या सुती साड्यांच्या त्रिकोणी पताका कापल्या आणि मशीनवर एका लांब पट्टीला शिवून टाकल्या. मी कार्डशीटचे पंखे केले. एक इंचाच्या घड्या घालत जायचं, मधे दुमडून कडा चिकटवायच्या, की एक पंखा. असे दोन-तीन जोडले की पूर्ण चक्र. वीस चक्रं भिंतीवर लावली. नातीने प्रत्येकाच्या मधे एकेका मित्राचं नाव लिहिलं, आणि वाढदिवस संपल्यावर ज्याचं त्याने आपलं चक्र घरी नेलं. गटारात टाकायला काही उरलंच नाही. त्या पताका आता सगळ्या आळीत फिरतात. बारशाला गेल्या, डोहाळेजेवणाला गेल्या, सध्या कोणाकडे आहेत ते सुनेला विचारावं लागेल.

संपादकसाहेब, माझी मागणी एवढीच आहे. तुमच्या वर्तमानपत्राचं अख्खं पान हा मुळातच केवढा मोठा कागद आहे. त्यावर वर्षातून दोनदा, गणपतीच्या आधी आणि दिवाळीच्या आधी, एका वस्तूचा पूर्ण मापाचा नमुना छापा. लहान करून नाही, चित्र म्हणून नाही. खऱ्या आकारात, म्हणजे मुलाने ते पान पुठ्ठ्यावर चिकटवायचं, कापायचं आणि साचा तयार. वर सांगितलेले चांदणीचे तिन्ही आकार एका पानावर आरामात बसतात, मी तुमच्या पानावर ठेवून बघितले आहेत. सामान असं द्या जे तालुक्याच्या गावात, माझ्यासारख्याच्या दुकानात मिळतं. कातर, दोरा, पुठ्ठा, कागद, खळ. ग्लू गन नको. ती तापते, पोळते, आणि तिच्या काड्या संपल्या की खेडेगावातलं मूल अडून बसतं. छापण्याआधी तुमच्या कचेरीतल्या कोणाच्या तरी पाचवी-सहावीतल्या मुलाला ते पान द्या आणि मोठ्यांना खोलीबाहेर थांबवा. जिथे ते मूल अडेल, तिथे एक वाक्य वाढवा.

आणि सणाच्या आठ दिवस आधी छापू नका. निदान तीन आठवडे आधी हवं. कामट्या चिरून घ्यायच्या असतात, भिजवायच्या असतात, पहिला कंदील बिघडणार असतो आणि दुसरा करायला एक रविवार लागतो.

माझ्या काउंटरवर चांदणीचे तीन साचे जाड पुठ्ठ्याचे करून टांगलेले आहेत. कोणीही यावं, आपल्या कागदावर आखून घ्यावं, विकत काही घ्यायलाच हवं असं नाही. ती सहावीतली मुलगी आता सातवीत गेली असेल. तिचं कात्रण मी मापं लिहून जपून ठेवलं आहे. ती पुन्हा दुकानात आली तर देईन.

आईचा नमुनाही तुम्हाला हवा असेल तर पाठवतो. ती आता घड्या घालून देते, कातर मात्र माझ्या हातात देते आणि "इथे थांब, आता वळव" असं सांगत बसते. तिच्या एका जाळीची घडी आम्ही न उलगडता ठेवली आहे. त्या घडीवरून आखलं तर पान तयार होईल.

आपला,
एक जुना वाचक आणि दुकानदार,
बाजारपेठ, चिपळूण (जि. रत्नागिरी)

ता.क. खळीला कीड लागू नये म्हणून पूर्वी तिच्यात मोरचूद घालत. कृती छापताना ते लिहू नका. ते विषारी असतं आणि मुलं बोटं चाटतात. कंदिलापुरती ताजी खळ करावी आणि उरलेली दुसऱ्या दिवशी टाकून द्यावी.